बाबांची तल्लीथ

ठाण्याच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांना दोन मुलगे, मोठा १९ वर्षांचा, धाकटा १३चा. ते लिहितात:

"ताई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. दर शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशनंतर, म्हणजे मनुकांच्या सरबतावरच्या प्रार्थनेनंतर, मी मुलांना अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक, नातू याकोब या पूर्वजांची एखादी गोष्ट आणि तिच्यातला बोध सांगतो. गेले आठ महिने मोठा सरबत पितो आणि गोष्ट सुरू व्हायच्या आत उठून आतल्या खोलीत जातो. सिनेगॉगमध्ये सगळ्यांशी हातबोशी करतो (हाताला हात लावून मग आपली बोटं ओठांना लावायची, ती), माझ्याशी करत नाही. मी त्याला इसहाकाचा दाखला देतो, की बापाने, अब्राहामाने, बळी द्यायला वेदीवर बांधलं तरी त्याने तोंडातून शब्द काढला नाही. काही उपयोग होत नाही. धाकटा मात्र गुणी आहे. त्याच्या बार मित्सवाला, तेराव्या वर्षीच्या धर्मविधीला, मी माझ्या वडिलांची लोकरी तल्लीथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, त्याच्या खांद्यावर घातली, कारण त्याचं हिब्रू स्वच्छ आहे. मोठ्याच्या मनात पूर्वजांविषयी आदर कसा रुजवू?"

दादा, धाकट्याची बार मित्सवा कधी झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठ महिन्यांपूर्वीच ना?

तल्लीथचं वाक्य तुम्ही धाकट्याच्या कौतुकात लिहून टाकलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले. मोठा सहा वर्षांपूर्वी तेरा वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या खांद्यावर काय घातलंत? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आणि नंतर त्याच्या डोळ्यांदेखत आजोबांची तल्लीथ कपाटातून निघाली ती धाकट्यासाठी.

तुम्ही दर शुक्रवारी पूर्वजांच्या गोष्टी सांगता, म्हणून ही गोष्ट तुम्हाला पाठ असणार. याकोबाने सगळ्या मुलांत योसेफाला लाडका मानलं आणि त्याला खास अंगरखा करून दिला. पुढचं वाक्य हळू वाचा: भावांनी ते पाहिलं, आणि त्यांच्याने त्याच्याशी धड बोलवेना. तुमच्या घरात रोष भावावर न जाता बापावर गेला, एवढाच फरक. हातबोशी थांबली ती इथे.

या अंगरख्यावर तालमूद या आपल्या धर्मचर्चेच्या ग्रंथात रव या आचार्यांचं मत दिलं आहे, शब्बाथ नावाच्या भागात, दहाव्या पानाच्या मागच्या बाजूला. बापाने मुलामुलांत कधीही भेद करू नये, कारण याकोबाने योसेफाला इतरांपेक्षा दोन सेला वजनाची तलम लोकर जास्त दिली, म्हणून भाऊ जळले, आणि गोष्ट वाढत वाढत आपले पूर्वज मिसर देशात जाऊन पडले. दोन सेला म्हणजे जेमतेम अडीच-तीन तोळे. तळहातावर मावेल एवढी लोकर. तुमच्या वडिलांची तल्लीथ याच्या कितीतरी पट भरेल.

रव भावांना बोल लावत बसले नाहीत. योसेफाला विकलं ते भावांनी, चांदीची २० नाणी घेऊन विकलं, हे त्यांना ठाऊकच होतं. तरी त्यांचं बोट गेलं बापाच्या हातातल्या लोकरीकडे. आपल्या परंपरेत पूर्वजांच्या गोष्टी अशाच वाचल्या जातात. तेराव्या शतकातले रब्बी मोशे बेन नहमान यांनी तर अब्राहामालाही सोडलं नाही. दुष्काळात मिसरला जाताना त्याने बायकोला, साराला, बहीण म्हणून सांगितलं, हे नकळत घडलेलं मोठं पाप, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणून अब्राहामाची थोरवी तसूभर कमी झाली नाही. बोध काढायचा तो असा, जो गोष्ट सांगतो त्याने आधी स्वतःसाठी. तुम्ही मात्र या गोष्टींची छडी केलीत, आणि तीही एकाच मुलासाठी.

इसहाकाचा दाखलाही चुकलाय. इसहाक गप्प नव्हता. डोंगर चढताना त्याने बापाला सरळ विचारलं: विस्तव आहे, लाकडं आहेत, होमासाठी कोकरू कुठे आहे? वेदीच्या प्रसंगानंतर अब्राहाम चाकरांकडे परतला असं वचन आहे, तिथे इसहाकाचं नाव येत नाही. पुढे बाप-लेकांचं एकही बोलणं तोरात, आपल्या मूळ धर्मग्रंथात, नोंदलेलं नाही. इसहाक पुन्हा बापाजवळ दिसतो तो मकपेलाच्या गुहेत, बापाला पुरताना. आज्ञाधारकपणा शिकवायला तुम्ही नेमकी हीच गोष्ट उचललीत.

आणि याकोब तर दुसऱ्या बाजूनेही पोळलेला. त्याच्या स्वतःच्या बापाला शिकारीचं मांस आवडे म्हणून याकोबाचा शिकारी भाऊ एसाव लाडका होता. तरी त्याने तेच केलं. मग बावीस वर्षं योसेफाचं तोंड दिसलं नाही.

तुमच्याकडे बावीस वर्षं नाहीत. येत्या गुरुवारी संध्याकाळी मोठ्याला घेऊन तलावपाळीवर जा. दोघंच. घरात नको, आई आणि धाकट्यासमोर नको, शुक्रवारच्या टेबलावर तर नकोच. एवढंच म्हणा: "आजोबांची तल्लीथ देताना मी तुझा विचार केला नाही. चुकलो."

यापुढे "पण" आला की सगळं फुकट गेलं. "पण तुझं हिब्रू..." हे तुमच्या जिभेवर येणार, मला आत्ताच ऐकू येतंय. गिळून टाका. याकोबाचा, योसेफाचा दाखला तिथे देऊ नका, नाहीतर माफीचंही प्रवचन होईल. "तुला हवी होती तर बोलायचंस ना," हेही नको. १९ वर्षांच्या मुलाने बापाकडे असं मागायचं नसतं. तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प चाला. तो चिडला, सहा वर्षांपूर्वीचं काही काढलं, तर ऐकून घ्या, मध्ये खुलासा करू नका.

तल्लीथ धाकट्याकडून परत घेऊ नका. मिळालेली वस्तू बापाने काढून घेतली, की दुसरा मुलगा दुखावतो आणि पहिल्याच्या वाट्याला हिसकावलेली वस्तू येते. बदल्यात महागडी नवी तल्लीथही आणू नका. तराजूचं दुसरं पारडं भरायला गेलात, तर मोठ्याला कळेल की तुम्ही अजून लोकरच मोजताय.

या शुक्रवारी गोष्ट नको. मनुका नेहमीसारख्या भिजवा, पण सरबत गाळताना फडकं धरायला मोठ्याला बोलवा. किद्दूशच्या आधी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवा, आधी त्याच्या, मग धाकट्याच्या, आणि देव तुला एफ्राईम आणि मनश्शे या योसेफाच्या मुलांसारखा करो, हा आशीर्वाद प्रत्येकाला वेगळा, पूर्ण म्हणा. तो त्याआधीच उठून आतल्या खोलीत गेला, तर हाक मारू नका. उठा, आत जा, आणि तिथे जाऊन म्हणा.