रात्रभर उपाशी राहूनही सकाळी साखर वाढलेली का येते?

आपण विचारले आहे, की मधुमेह असलेले वडील रात्री आठला एक भाकरी आणि भाजी एवढेच जेवतात, त्यानंतर तोंडात काही घालत नाहीत, तरीही सकाळी उपाशीपोटीची साखर १४० च्या आसपास येते. मग ती येते कुठून आणि इन्सुलिन तेव्हा करते काय? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकतो. त्यामागे बरेचदा ‘रात्री चोरून काही खाल्ले असेल’ हा घरच्यांचा संशय असतो, आणि तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

ही साखर यकृतातून येते. निरोगी प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात उपाशीपोटी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर, ग्लुकोज असते. एकट्या मेंदूलाच दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागते, म्हणजे एवढ्यावर त्याचा तासभरच निभाव लागेल. म्हणून यकृत रात्रभर आपल्याजवळच्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या ग्लुकोजच्या) साठ्यातून थोडे थोडे ग्लुकोज सोडत राहते आणि काही नव्याने तयारही करते.

इन्सुलिन ही पेशीचे दार उघडणारी किल्ली आहे, असे आपण सगळीकडे वाचतो. स्नायू आणि चरबीच्या पेशींपुरते ते खरे आहे, पण मेंदूला किंवा तांबड्या रक्तपेशींना या किल्लीची गरज नसते. साखरेच्या तपासणीचे रक्त आम्ही करड्या टोपणाच्या, फ्लोराइड घातलेल्या नळीत घेतो ते याचसाठी. साध्या नळीत तसेच ठेवले, तर रक्तपेशी शरीराबाहेर येऊनही ग्लुकोज वापरत राहतात आणि आकडा दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो.

इन्सुलिनचे रात्रीचे मुख्य काम यकृताला आवर घालण्याचे असते. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन शरीरभर पसरण्याआधी थेट यकृतात पोहोचते, त्यामुळे रात्री झिरपणारी त्याची अल्पशी मात्राही यकृताला पुरेशी होते. टाइप २ मधुमेहात यकृत या इशाऱ्याला नीट दाद देत नाही, स्वादुपिंडालाही इन्सुलिन वाढवून ती कसर भरून काढता येत नाही, आणि ग्लुकोज सोडायला लावणारे ग्लुकॅगॉन मात्र गरजेपेक्षा जास्त स्रवत राहते. त्यात पहाटे कॉर्टिसोल आणि वाढीचे संप्रेरक या साखर वाढवणाऱ्या संप्रेरकांचा जोर असतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड तेवढे इन्सुलिन वाढवून तो निस्तरते, मधुमेहात मात्र तोच जोर सकाळच्या आकड्यात उतरतो. डॉक्टर बहुधा सुरुवातीला देतात ती मेटफॉर्मिनची गोळीही मुख्यतः यकृताच्या या उत्पादनालाच लगाम घालते.

तेव्हा सकाळचा आकडा उतरवण्यासाठी वडिलांचे रात्रीचे जेवण परस्पर बंद करू नका. ते इन्सुलिन किंवा स्वादुपिंडातले इन्सुलिन वाढवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर उपाशी पोटी मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॉक्टरांकडे जाताना जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) हे अहवालही सोबत न्यावेत, कारण एकट्या सकाळच्या आकड्यावरून दिवसभराचे चित्र कळत नाही. आकडा कमी यावा म्हणून चौदा तास उपाशी राहून आलेले रुग्ण मी पाहतो. तपासणीला आठ तास पुरतात, आणि पुढचे सहा तास यकृत काही स्वस्थ बसलेले नसते.