तिसऱ्या रांगेतले बाबा

"मॅडम, मुलगी कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे, पण तिला खेळवतच नाहीत. नुसती बसवून ठेवतात. काढून घेऊ का तिला?"

मी इंदूरला समुपदेशक आहे. गणपती गेले की हा फोन मला हमखास येतो. कधी बास्केटबॉल असतो, कधी व्हॉलीबॉल, कधी कबड्डी. कॉलेजांच्या स्पर्धांचा मोसम तेव्हाच तापतो. आधी जिल्हा, मग संभाग (म्हणजे विभाग), मग राज्य. वर परीक्षा असतातच मानगुटीवर. या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यापेक्षा मुक्ताची हकिकत सांगते. नाव बदललंय, घरचे तपशील थोडे इकडेतिकडे केलेत, आणि लिहायला तिची आणि तिच्या आईबाबांची परवानगी आहे.

घर इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतलं. रामबाग म्हणा, लोकमान्य नगर म्हणा. मुक्ता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी ती पहिल्या पाचात खेळायची. या वर्षी देवासहून एक नवी मुलगी आली, हिच्याहून चार बोटं उंच, आणि मुक्ता बेंचवर गेली. पहिल्यांदा आई एकटीच आली होती. "जेवत नाही, बोलत नाही, दार लावून बसते. आणि सकाळी साडेपाचला मात्र प्रॅक्टिसला तयार. मग हे डिप्रेशन कसलं हो?" परीक्षेचं निमित्त करून आईने तिचा सहा नंबरचा बॉल माळ्यावर टाकला होता. मुलीने तो मागितलासुद्धा नाही, याचीच आईला जास्त धास्ती बसली होती.

पुढच्या आठवड्यात मुक्ता आली. खेळणारी मुलगी समोर असली की मी दोन गोष्टी विचारतेच, मग ती कशासाठीही आलेली असो. रात्री काय जेवतेस, आणि शेवटची पाळी कधी आली.

"तीन-चार महिने झाले, नाही आली. बरंच आहे ना, मॅचच्या दिवशी कटकट नाही."

रात्रीचं जेवण तिने जुलैपासूनच सोडलं होतं. पेलाभर ताक, काकडी, फार तर एक सफरचंद. सकाळच्या पोह्यांतूनही निम्मे भावाच्या बशीत. का, तर सर एकदा म्हणाले होते, तू स्लो झाली आहेस. "मग वजन कमी करायला नको?" तिने मलाच विचारलं.

अशा वेळी माझं काम बाजूला ठेवायचं असतं. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. तिच्या परवानगीने आईला आत बोलावलं आणि दोघींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी थायरॉइडसकट इतर कारणं तपासून बाजूला काढली. उरलं ते साधं जमाखर्चाचं, बी.कॉम.च्या मुलीला सांगावं लागू नये असं. दोन-दोन तास पळायचं आणि पोटात घालायचं काहीच नाही. मग शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री पाळीला लावतं. पाठोपाठ इस्ट्रोजेन घटतं, आणि ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती कमजोर व्हायला लागतात. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या प्रकाराला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. मुक्ताला मी नाव वगैरे सांगत बसले नाही. उपाशी राहून तू हलकी होशील, चपळ होणार नाहीस, एवढंच म्हटलं. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यातली एक गोष्ट तिच्या आईने फारच मनावर घेतली, ती म्हणजे प्रॅक्टिस संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी पोटात जायला हवं. दुसऱ्या दिवसापासून बॅगेत दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू जाऊ लागला. लाडू एकच असायचा, पण पेढेघाटी डबा भरेल एवढा.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत मी तिला म्हटलं, "सरांनाच विचार ना एकदा." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मुलींच्या देखत तिने विचारलं, "सर, मेरे को क्यों नहीं खिला रहे?" सर भडकले. "टीम मैं बनाता हूँ कि तू?" पुढच्या मॅचमध्ये तिला एक मिनिटही मिळालं नाही. 'विचार' म्हणणं सोपं असतं. काय विचारायचं, कधी, कोणत्या शब्दांत, हे मी तिच्याकडून घोटून घ्यायला हवं होतं. एकोणीस वर्षांची मुलगी, समोर दरारा असलेला माणूस, आणि मी तिला रिकाम्या हाताने पाठवलं. तिसऱ्या भेटीत तिची माफी मागितली. ती जरा बावरलीच. मोठी माणसं माफी मागताना तिने फारशी पाहिली नसावीत.

मग आम्ही कागद घेतला. मॅच दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरची. कोर्टवर एका वेळी पाच जणी. म्हणजे सरांकडे वाटायला एकूण 200 मिनिटं. टीम बारा जणींची. सारखी वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसोळाच्या आसपास येतील, पण जिंकायला आलेला कुठलाही कोच ती सारखी वाटत नाही.

"म्हणजे सात जणी कधीही बाहेरच?" तिने विचारलं.

"कधीही."

मग ती बेंचवरच्या बाकीच्या मुलींची नावं घेऊ लागली. एकीचा घोटा दुखतो, एक अजून फर्स्ट इयरला आहे, एक नुसती हसवते. तोवर तिच्या बोलण्यातल्या बेंचवर ती एकटीच बसलेली असायची.

प्रश्नही नव्याने बसवला. 'मला का नाही' हे काढून टाकलं. "सर, अंदर आने के लिए मैं कौनसी एक चीज़ सुधारूँ?" मी सर झाले, ती मुक्ता. चार वेळा म्हणून घेतलं. एकदा मी मुद्दाम खेकसले, तरी तिने वाक्य सोडलं नाही. वेळही ठरवली. प्रॅक्टिस संपल्यावर, बॉल गोळा करताना, सर एकटे असतील तेव्हा. या खेपेला उत्तर मिळालं.

"तेरा शॉट मिस होता है ना, उसके बाद तू दो सेकंड खड़ी रहती है. मैंने स्लो बोला था, मोटी नहीं बोला था. तू खड़ी रहती है."

बास्केटबॉलचं कोर्ट 28 मीटर लांब. रीबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, समोरच्यांच्या हाती लागला आणि त्यांनी फास्ट ब्रेक मारला, म्हणजे तशीच धाव ठोकली, तर ते चार-पाच सेकंदांत तुमच्या रिंगखाली असतात. त्यातले दोन सेकंद उभं राहण्यात गेले तर डिफेन्सला चार मुलीच उरतात. एवढ्यासाठी ही पोर तीन महिने उपाशी राहिली होती.

"पण मी उभी का राहते?" तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. म्हटलं, तुझी हरकत नसेल तर मी एक मॅच बघायला येते.

रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मॅच होती. मी वर एका कोपऱ्यात जाऊन बसले. खेळातलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे बॉलपेक्षा माणसांकडेच जास्त लक्ष. मुक्ता दुसऱ्या क्वार्टरला आत आली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यातून तिने शॉट घेतला. बॉल रिंगच्या कडेवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. बाकीच्या चौघी गर्रकन वळून पळाल्या. मुक्ताची मान मात्र डावीकडे, स्टँडकडे वळली. तिसऱ्या रांगेत राखाडी शर्ट घातलेले एक गृहस्थ पुढे झुकून बसले होते. त्यांचा उजवा तळहात वर झाला. 'काय हे?' एवढंच. ना आवाज, ना राग. मग मुक्ता पळाली. तोवर पलीकडे बास्केट पडली होती. सरांनी तिला बाहेर घेतलं, तर बेंचवरही तेच. शिटी वाजली की मान तिसऱ्या रांगेकडे.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "तिसऱ्या रांगेत कोण होतं?" तिला रडू फुटलं.

मॅचनंतर बाबा तिला गाडीतून घरी आणतात. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. "किती मिनिटं खेळलीस? किती टाकलेस? त्या देवासच्या मुलीत एवढं काय आहे?" गंमत म्हणजे पहिल्या वर्षीही हेच प्रश्न असायचे आणि तेव्हा ते तिला फार आवडायचे. मिनिटं भरपूर होती, पॉइंट होते, वाटेत 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीत थांबून हॉटडॉग खाल्ला जायचा. प्रश्न तेच राहिले, फक्त तिच्याकडची उत्तरं संपली.

बाबा आले ते चेहरा घट्ट करूनच. साहजिक आहे, समुपदेशकाने बोलावलं की बापांना आरोपीसारखं वाटतं. बँकेतली नोकरी. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा पहाटे मुलीला ग्राउंडवर सोडणारा माणूस. मॅच असली की अर्धी रजा टाकणार. "मी कधी आवाज चढवला असेल तर विचारा तिलाच," ते म्हणाले. खरं होतं ते, कधीच चढवला नव्हता. मी काहीच बोलले नाही. बोलायचं होतं मुक्ताला.

"बाबा, तुम्ही मॅचला येता ते मला आवडतं. पण मॅच संपल्यावर तुम्हाला उत्तर द्यायचं असतं ना, ते मी मॅच चालू असतानाच तयार करत असते."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मला नाही, तिलाच विचारलं, "मग येऊ नको का मी?"

"या. पण मागे बसा."

एवढंच ठरलं. बाबांनी टीमच्या बेंचच्या बरोब्बर मागे बसायचं, म्हणजे त्यांना बघायला तिला पूर्ण वळावं लागेल. आणि गाडीत ती स्वतः विषय काढेपर्यंत मॅचचं अवाक्षर नाही. "मग बोलायचं काय?" बाबांची खरी पंचाईत. मी म्हटलं, खाण्यावर बोला. इंदूरच्या माणसाला खाण्यावर बोलायला वीस मिनिटं कमीच पडतात.

पुढे चमत्कार वगैरे काही झाला नाही. देवासची मुलगी खरोखरच चांगली खेळते, हे मुक्तानेच मला एकदा सांगितलं, आवंढा न गिळता. मुक्ताला कधी सहा मिनिटं मिळायची, कधी आठ, एका मॅचला अजिबात नाही. सरांनी तिच्यावर समोरच्या टीमचे फाउल मोजायचं काम टाकलं. एका क्वार्टरमध्ये त्यांचे चार झाले की पुढच्या फाउलांवर आपल्याला सहसा दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे शॉट, मिळतात, आणि ते कोर्टवरच्या मुलींना ओरडून सांगायला कुणीतरी लागतंच. सुरुवातीला तिला हे काम म्हणजे समजूत काढण्यासारखं वाटलं. मग आवाज फुटला. पाळी परत यायला मात्र संक्रांत उजाडली. वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणालेच होते. बॉल माळ्यावरून कधी खाली आला, ते मी विचारलं नाही.

तर, काढून घेऊ का? हा प्रश्न आला की आता मी उलटं विचारते. जेवते का? पाळी येते का? दुखलंखुपलं लपवते का? आणि आणखी एक, दबक्या आवाजात न विचारता सरळ विचारते, की कोच किंवा आणखी कुणी तिच्या शरीरावर शेरे मारतं का, नको तसा हात लावतं का. या शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर मोसम संपायची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मुलीच्या पाठीशी उभं राहायचं, आणि तिची तयारी असेल तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं. यूजीसीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे अशी समिती प्रत्येक कॉलेजात असायला हवी. जेवण, पाळी, दुखापत यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर, आणि खेळायचं की नाही ते डॉक्टर सांगतील तसं. यातलं काहीच नसेल, नुसतं बेंचवर बसणं असेल, तर मोसम पुरा होऊ द्या. हरलेल्या मॅचच्या रात्री तर काहीच ठरवू नका. पुढच्या वर्षी खेळायचं की नाही ते तिला ठरवू द्या. मुक्ताचंही अजून ठरलेलं नाही. कधी सीए करायचं म्हणते, कधी म्हणते देवासची मुलगी आणि मी एकत्र खेळलो तर मजा येईल.

संभागाच्या सेमीफायनलला त्यांची टीम हरली. रात्री अकराच्या सुमारास बाबांचा फोन आला. इतक्या उशिरा म्हणून मी जरा दचकलेच.

"मॅडम, काही विचारलं नाही हं मी. सराफ्यातल्या खाऊगल्लीत थांबलो, तळलेले गराडू खाल्ले, घरी आलो."

"छान केलंत."

"नऊ मिनिटं खेळली."

"तिने सांगितलं?"

"छे. मीच मोजली, मागे बसून." मग जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "एकदाही मागे वळून बघितलं नाही हो तिने."

काय बोलावं ते मला सुचेना.

"गराडू मात्र माझ्या प्लेटमधले खाल्ले," ते म्हणाले.