चोर्ला नको, ब्रह्मकरमळीला जा

प्रश्न : वय पन्नाशीपुढचं, सायकल गिअरची. गाड्यांची वर्दळ नसलेला डोंगराळ रस्ता हवा. चोर्ला घाट कसा वाटतो?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : चोर्ला नकोच! गोवा-बेळगाव वाहतूक तिथूनच जाते. वळणावर मागून ट्रक आला की जीव मुठीत. अनमोड घाटाचीही तीच गत. त्यापेक्षा सायकल गाडीवर टाकून भल्या पहाटे सत्तरी तालुक्यातलं वाळपई गाठा आणि नगरगावमार्गे ब्रह्मकरमळी गावाला निघा. अंतर सात-आठ किलोमीटरच. दोन्हीकडे पोफळीची कुळागरं (बागा), समोर सह्याद्री, आणि वाटेत भेटला तर हॉर्न वाजवणारा पोदेर (पाववाला), तोही सायकलवरच. तिथल्या देवळातली ब्रह्मदेवाची काळ्या पाषाणाची मूर्ती पोर्तुगिजांच्या धाकानं तिसवाडीतल्या करमळीहून इथं आणलेली. ती निवांत बघा.

चढाला लागण्याआधीच हलका गिअर टाका. चढावर जोर देत बदललात तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडा दाबा, थोडा सोडा. पावसात जांभ्याचा लाल चिखल ब्रेकच्या रबरात बसतो आणि रिम खरवडतो, म्हणून घरी आल्या आल्या पाणी मारा. दिवेलागणीआधी परता, या भागात गवे फिरतात. आणि हुर्राकचा (काजूच्या हलक्या दारूचा) मोसम असेल, तर तो परतल्यावर.