जनुकांचा अहवाल म्हणजे निदान नव्हे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा, म्हणजे स्वयंप्रतिकार आजारांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गल्लत आहे. चाचणीत अमुक जनुक सापडले म्हणजे आजार झाला आणि सापडले नाही म्हणजे सुटलो, असे गृहीत धरून प्रश्न विचारले जातात. मी प्रयोगशाळेत काम करते, रुग्ण तपासत नाही. तेव्हा पुढील उत्तरे हे कोणाचेही निदान समजू नये.

प्रश्न : आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. मलाही तो होणारच का? आधीपासून काही औषध घेता येईल का?

उत्तर : होणारच असे नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तरीही एकाला हा संधिवात झाल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण १०० पैकी साधारण १५ इतकेच आढळले आहे. आईची तर निम्मीच जनुके आपल्याकडे आलेली आहेत. धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक आहे, पण औषध घेण्याइतका नाही. धूम्रपान करत असाल तर ते मात्र सोडा, कारण एचएलए या, आपले-परके ओळखण्यास संरक्षक यंत्रणेला मदत करणाऱ्या जनुकांचे या आजाराशी निगडित प्रकार ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यात धूम्रपान आणि जनुक मिळून होणारा धोका त्यांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा असतो. बोटांचे सांधे सुजले आणि सकाळी बराच वेळ मूठ वळेनाशी झाली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये.

प्रश्न : हे आजार एकापासून दुसऱ्याला लागतात का?

उत्तर : नाही.

प्रश्न : माझे वय २७ आहे. वर्षभर पहाटे कंबर इतकी आखडते की जाग येते. उठून चालल्यावर ती मोकळी होते. घरी लाळेचा नमुना घेऊन पाठवलेल्या जनुकीय चाचणीत स्वयंप्रतिकार आजारांचा धोका ‘कमी’ आला, म्हणून गादी बदलून पाहिली. त्याच कंपनीच्या ‘प्रतिकारशक्ती संतुलित करणाऱ्या’ गोळ्या घेत आहे. आणखी किती महिने घ्याव्यात?

उत्तर : गोळ्यांचा विचार सोडा आणि याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. पुढचे वाचले नाही तरी चालेल.

पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक टिकलेली, पडून राहिल्याने वाढणारी व हालचालीने कमी होणारी, उत्तररात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी हे मणक्यांच्या दाहाचे, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या गटातील आजाराचे लक्षण असू शकते. एचएलए-बी२७ या जनुकप्रकाराचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला, आणि आमच्या क्षेत्रातील सर्वांत ठळक संबंधांत आजही त्याची गणना होते. युरोपीय वंशाच्या रुग्णांत १०० पैकी ९० च्या आसपास लोकांत तो प्रकार सापडतो. आता हेच उलट बाजूने पाहा. तो प्रकार असलेल्या १०० जणांपैकी सुमारे २ ते ५ जणांनाच आजार होतो, आणि तो नसलेल्या काहींनाही होतो. सर्वांत ठळक संबंधाची ही गत असेल, तर बाकीच्यांवरून एका माणसाचे भविष्य कसे वर्तवणार?

हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसे यांच्या डीएनएची तुलना करून आम्ही प्रत्येक जागेसाठी एक ठिपका, गुणसूत्रांच्या क्रमाने, आलेखावर मांडतो. आजाराशी संबंध जितका ठळक, तितका ठिपका उंच. ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा पहिल्या प्रकारचा मधुमेह यांचा असा आलेख समोर घेतला की सहाव्या गुणसूत्रावर, जेथे एचएलए जनुके दाटीने बसलेली आहेत तेथे, ठिपक्यांचा एक उंच मनोरा दिसतो. उरलेला कागद म्हणजे कापलेले गवत, आणि त्यातून मधूनच वर आलेली काही पाती. यातले एखादे पाते धोका बहुधा दहा-वीस टक्क्यांनीच कमीजास्त करते. सगळ्या पात्यांची बेरीज करून धोक्याचा एक आकडा काढता येतो आणि संशोधनात तो उपयोगी पडतो, परंतु ही मोजणी आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेली आहे. आतड्यांना दाह होणाऱ्या क्रोन आजाराशी असलेला ज्यांचा संबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, ते एनओडी२ जनुकातील बदल पूर्व आशियातील रुग्णांत जवळजवळ आढळतच नाहीत. एका लोकसमूहावर बेतलेले माप दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही, ही गोष्ट अहवालाच्या रंगीत पानावर ठळक अक्षरांत क्वचितच छापलेली असते.

शिवाय अशा चाचण्यांत सहसा डीएनएच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांपैकी काही लाख ठरावीक जागाच वाचल्या जातात, आणि एचएलएचा प्रकार पुष्कळदा शेजारच्या खुणांवरून अंदाजाने ठरवला जातो. धोका मोजणारा आणि त्यावरच्या गोळ्या विकणारा एकच असेल, तर मोजमापाकडे संशयाने पाहिलेलेच बरे. ‘प्रतिकारशक्तीचे संतुलन’ ही रक्तात मोजता येणारी गोष्ट नाही. ती बाटलीवरची भाषा आहे.

मला या कंपन्यांनी घेतलेल्या पैशांपेक्षा त्यांनी खाल्लेल्या वेळाची अधिक चिंता वाटते. या आजाराच्या निदानाला पहिल्या दुखण्यापासून सरासरी सहा-सात वर्षे लागतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहणीत दिसते. तेवढ्या काळात काही रुग्णांच्या मणक्यांमध्ये नवे हाड तयार होऊन मणके एकमेकांना जुळतात, आणि एकदा जुळलेले मणके औषधाने सुटे होत नाहीत. तज्ज्ञ आपली तपासणी करतील, कदाचित एमआरआय व एचएलए-बी२७ ची रीतसर रक्ततपासणी सांगतील, आणि मग सर्व एकत्र पाहून ठरवतील. दरम्यान एखादा डोळा लाल होऊन दुखू लागला व उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाच्या चाचणीत सीलिॲक आजाराचे जनुक आले, म्हणून आम्ही त्याचा गहू बंद केला. पोट आता ठीक आहे. पुढे काय करावे?

उत्तर : क्रम उलटा झाला. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे संरक्षक यंत्रणा आतड्यावर उलटते, तो सीलिॲक आजार. त्याच्या जवळजवळ सर्व रुग्णांत एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ असते हे खरे, पण अनेक लोकसमूहांत १०० पैकी ३० ते ४० निरोगी लोकांतही ते असते, आणि आजार साधारण एकालाच होतो. म्हणून ही चाचणी ‘नाही’ आली तरच खरी कामाची. तेव्हा आजाराची शक्यता बव्हंशी बाद करता येते. ग्लुटेन बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक यंत्रणेने तयार केलेली व आजाराची खूण ठरणारी प्रथिने, ओसरतात, आतड्याचे अस्तर भरून येते आणि आजार असूनही तपासण्या निर्दोष येऊ शकतात. गहू पुन्हा सुरू करायचा का, किती आणि किती आठवडे, हे मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांनीच ठरवावे. स्वतःहून प्रयोग करू नका.

प्रश्न : लुपस असताना प्रतिकारशक्ती वाढवणारे टॉनिक घ्यावे का?

उत्तर : नाही. लुपस हाही स्वयंप्रतिकार आजार आहे. आपली प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, भरकटलेली आहे. काहीही नवे घेण्यापूर्वी आपल्या तज्ज्ञांना बाटली दाखवा.

प्रश्न : कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी भावाची जनुकीय चाचणी सांगितली. ही दुकानदारी तर नव्हे?

उत्तर : ही नव्हे. एचएलए-बी १५:०२ हा प्रकार असलेल्यांना, मुख्यतः फिट रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे त्वचा व तोंडातील अस्तर सोलवटून टाकणारी जीवघेणी प्रतिक्रिया, होण्याचा धोका बराच वाढतो. हा संबंध २००४ मध्ये हान चिनी रुग्णांत दाखवला गेला. प्रश्न एक, औषध एक, आणि उत्तरावरून पुढची कृती ठरते, याला मी उपयुक्त चाचणी म्हणते. चाचणी निर्दोष आली तरी ताप, पुरळ किंवा तोंडात फोड आल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे. हे वाचणाऱ्यांपैकी जे हे औषध आधीपासून घेत आहेत त्यांनी ते आपल्या मनाने थांबवू नये. एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते.

प्रश्न : मोठ्या मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. धाकट्याची जनुके तपासावीत का?

उत्तर : जनुकांपेक्षा त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासणे अधिक उपयोगाचे आहे. भावंडांत १०० पैकी साधारण ५ जणांना हा आजार होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही. परंतु साखर वाढण्याच्या पुष्कळ आधी ही प्रतिपिंडे रक्तात दिसू लागतात, आणि आजार पुढे ढकलणारे टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले आहे. मंजुरीच्या वेळी ते ८ वर्षे व त्यावरील, ठरावीक टप्प्यातील व्यक्तींसाठीच होते आणि चाचण्यांत त्याने साधारण दोन वर्षांचा अवधी मिळाला. मुलीच्या अंतःस्रावतज्ज्ञांशी याविषयी बोला. धाकट्याला वारंवार लघवी, सतत तहान आणि वजनात घट दिसली, तर मात्र त्याच दिवशी साखर तपासा.

प्रश्न : हे आजार स्त्रियांनाच का अधिक होतात?

उत्तर : सर्वच होत नाहीत, पण लुपसच्या १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात. स्त्रियांच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक गप्प केलेले असते. परंतु टीएलआर७ सारखी त्यावरील काही प्रतिकारक जनुके काही पेशींत पुरती गप्प होत नाहीत. संप्रेरकांचाही वाटा आहे. पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी संशोधनासाठी रक्त दिले. माझा अहवाल अजून का आला नाही?

उत्तर : कारण तो बहुधा तयारच झालेला नाही. आमच्यासारख्या प्रयोगशाळांत नळी येते तेव्हा तिच्यावर नाव नसते, फक्त सांकेतिक क्रमांक असतो, आणि उत्तर निघते ते हजारो नळ्यांचे मिळून. संमतिपत्रात वैयक्तिक निष्कर्ष कळवण्याबाबत काय लिहिले आहे ते पाहा आणि त्यावर दिलेल्या क्रमांकावर विचारा. आपल्याला काही त्रास होत असल्यास त्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.