रोलबॅकचं बटण शेवटचं कधी दाबलं होतं?

वाशीच्या डेव्हलपर परिषदेत बिल्ड-डिप्लॉयमेंटवर, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवून ते सर्व्हरवर चढवण्यावर, बोलून आलो आणि तेव्हापासून तेच ते प्रश्न येतायत. एकदाच लिहून मोकळा होतो.

प्रश्न : शुक्रवारी रिलीज करू नये म्हणतात ते खरं का? (ऐरोली)

मंगळवारी फुटणारं शुक्रवारीही फुटतं. फक्त शुक्रवारी सातनंतर तुमचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) ठाण्याच्या लोकलमध्ये लटकलेला असतो.

प्रश्न : टेस्टिंगचं बिल्ड वेगळं, प्रॉडक्शनचं (लोक प्रत्यक्ष वापरतात ते) कोडच्या त्याच ब्रँचवरून पुन्हा करतो. चालेल? (महापे)

नाही. जे तपासलं तेच पाठवा, कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) तेवढं बदला.

प्रश्न : कोडला हात न लावता बिल्ड आज पडलं. (घणसोली)

लॉक फाइल (बाहेरच्या कुठल्या कोड-पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती वापरायची याची नोंद) रेपोत, म्हणजे तुमच्या कोडच्या साठ्यात, आहे का, आधी ते बघा. असेल तर पॅकेजेसची प्रत स्वतःच्या कॅशेत ठेवता का, ते बघा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्ड्स कोसळली. तिथे नुसती लॉक फाइल कामाला आली नसती. तरी लॉग न बघता मी ठामपणे सांगणार नाही. टीममधल्या जाणत्याला दाखवा.

प्रश्न : आमच्या टूलमध्ये एका क्लिकवर रोलबॅक (आधीच्या रिलीजवर परत जाणं) आहे. मग निर्धास्त राहायला हरकत नाही ना? (वागळे इस्टेट)

हे तुम्हाला टूल विकणाऱ्यानं सांगितलं असणार. ते बटण शेवटचं कधी दाबलं होतं? क्लिकनं कोड मागे जातो, डेटा जात नाही. नव्या रिलीजनं डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव बदललं असेल, तर परत आलेला जुना कोड जुनंच नाव शोधत बसतो. मी स्वतः यापायी एकदा पहाटे चारपर्यंत जागलोय. म्हणून आधी नवा कॉलम जोडा, काही दिवस दोन्हींत लिहा, जुना डेटा नव्या कॉलममध्ये भरून घ्या, मग वाचन नव्यावर न्या. जुना कॉलम त्यानंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा.

आणि मागे फिरणं म्हणजे सुटका, हाही गैरसमजच. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीनं आठपैकी सातच सर्व्हरवर नवा कोड टाकला होता. नव्या कोडनं जुनाच फ्लॅग (कोडचा भाग चालू-बंद करणारी खूण) वापरलेला. आठव्यावर त्या फ्लॅगनं वर्षानुवर्षं पडून असलेला कोड जागा केला. घाबरून त्यांनी सातांवरचा नवा कोड काढला, आणि तोच मढ्यासारखा पडलेला कोड आठही ठिकाणी उठला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले. तेव्हा स्टेजिंगवर (प्रॉडक्शनसारख्याच चाचणीच्या सर्व्हरवर) महिन्यातून एकदा रोलबॅकची रंगीत तालीम करा, डीबीएला शेजारी बसवून.

प्रश्न : पाच जणांची टीम, दोन सर्व्हर. परिषदेतल्या स्टॉलवर म्हणाले कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर अ‍ॅप्स आपोआप चालवणारी-सांभाळणारी यंत्रणा) घ्याच. (खारघर)

स्टॉलवर दुसरं काय म्हणतील? सध्या नको. घ्यायचंच असेल तर ज्यानं ते वर्षभर चालवलंय आणि ज्याला त्यात कमिशन नाही, अशा माणसाशी आधी बोला.

प्रश्न : चार सर्व्हरवर हातानं फाइली कॉपी करतो. तीन वर्षं काही झालं नाही. ऑटोमेशन पुढच्या क्वार्टरला. (कोपरखैरणे)

वरचा आठवा सर्व्हर पुन्हा वाचा. स्क्रिप्ट या आठवड्यात लिहा.