अब्बा म्हणतात, ठाण्याची पायरी चढू नका

प्रश्न : आम्ही उत्तर नागपुरात टेका नाक्याजवळ राहतो. गल्लीत मुस्लिम, बौद्ध, सिंधी अशी सगळीच घरं. परवा माझी मोटारसायकल दारातून चोरीला गेली. ती मुलगाच चालवतो. शेजारचे काका म्हणतात, "लगेच रिपोर्ट दे." माझे अब्बा म्हणतात, "गाडी गेली ती गेली. ठाण्यात गेलो तर उलट आपल्याच पोराला बसवून ठेवतील." मुलगा १९ वर्षांचा आहे. काय करू? — एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, रिपोर्ट द्या आणि आजच द्या. उद्या त्या गाडीवरून कोणी सोनसाखळी ओढली, तर आरसी बुकावर नाव तुमचं आहे. अब्बांना ज्या चौकशीची धास्ती आहे, ती मग आपसूक दारात येईल.

पण अब्बांना वेड्यात काढू नका. पोलीस खात्यात असताना मी ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर बसायचे. एकाच गल्लीतले दोघं येत. एकाला "या, बसा काका", दुसऱ्याने नाव-पत्ता सांगितला की "हं, काय केलं?" तक्रार द्यायला आलेल्याला! चोर सापडला की नाही हे माणूस विसरतो, तो सूर विसरत नाही; घरी जाऊन चार जणांना सांगतो. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली, तेव्हा तुमच्याकडच्या यशोधरानगर, कपिलनगरातही संचारबंदी लागली होती. तुमच्या शेजारच्या काकांकडे त्या दिवसांत दुधाची पंचाईत झाली असेल. ज्या घरचा तरणा पोरगा बाहेर अडकला होता, त्या घराला काय आठवत असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि तरी याच वस्त्यांतल्या बाया शांतता समितीच्या बैठकीत आमच्याशी भांडायच्या : कोपऱ्यावर गांजावाले बसतात, रात्रीची गस्त का येत नाही? त्यांना पोलीस नको नव्हते, आपल्यासाठीही येणारे हवे होते. (एरवी त्या बैठकीत तेच ते पांढरे कपडेवाले चहा पिऊन जातात.) भिवंडीत १९८४च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्यांत यंत्रमागवाले, फेरीवाले अशी साधी माणसं बीटच्या पोलिसासोबत बसवली. १९९२-९३ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

आता ठाण्यात. मुलासोबत तुम्ही जा, शेजारच्या काकांनाही घ्या. बिचकू नका, त्यात कमीपणा नाही. आरसी आणि विम्याची झेरॉक्स न्या. अंमलदार कधी कधी नुसत्या अर्जावर शिक्का मारून देतो, किंवा 'गहाळ' असं लिहितो. तिथे अडा. गाडी हरवली नाही, चोरीला गेली आहे. विम्याला एफआयआर लागतो. त्याची प्रत फुकट मिळते. "आमची हद्द नाही" हे उत्तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात चालत नाही. नोंदवूनच घेतला नाही, तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवा, पोच ठेवा; तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकारी आहेत.

अब्बांचं वय साठच्या वर असेल तर साक्षीदार म्हणून त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरीच येऊन घ्यावा लागतो. बाई म्हणून तुमचाही. हे त्यांना आधी सांगा, निम्मा जीव भांड्यात पडेल.

आणि हो, विमावाले गाडीच्या दोन्ही चाव्या मागतात. एखादी मेकॅनिककडे राहिली असेल तर आधी ती घेऊन या.