आधी पट्टे, मग चेहरा

प्रिय,

इवो जिमाच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात त्या जपानी बेटावर झेंडा उभारणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या फोटोतली नावं तीनदा बदलली, मग खोटारडा कोण, असं विचारतेस. अगं, प्रश्नच चुकला. २३ फेब्रुवारी १९४५ला तिथल्या सुरिबाची डोंगरावर जो रोझेन्थाल या वृत्तछायाचित्रकाराने फोटो काढला, नावं विचारली नाहीत आणि फिल्म धुवायला ग्वामला गेली. झेंड्याखाली सहा जण, चेहरे जवळजवळ झाकलेले. वरून मागणी आली तेव्हा कुठे नावं जुळवायला घेतली. घोळ तिथला. म्हणून म्हणतो, आधी पट्टे, मग चेहरा, आणि फोटोओळ सगळ्यात शेवटी.

छापलेली उभी प्रत बाजूला ठेव, ती कापलेली आहे. मूळ फोटो आडवा आहे. शेजारी त्या दिवशीचं बाकी सगळं मांड: तिथेच चित्रीकरण करणाऱ्या जेनॉस्टची १६ मिमी रंगीत फिल्म एकेक चौकट थांबवून, आणि छायाचित्रकार लाउरीने काढलेले, त्याच दिवशी आधी उभारलेल्या पहिल्या, लहान झेंड्याचे फोटो (रोझेन्थालच्या फोटोतला झेंडा दुसरा). मग प्रत्येक माणसाचं सामान लिही: हेल्मेट, कंबरपट्टा, रायफल, पँटच्या मोहऱ्या, बोटं. एक खूण जुळली म्हणून नाव लिहायचं नाही. न जुळणारी खूण मुद्दाम शोध. नाव खोडलं जातं ते तिच्यामुळे.

ब्रॅडलीचंच बघ. तो नौदलाचा वैद्यकीय सेवक, आधी सहांत धरलेला. त्या दिवशीच्या इतर फोटोंत त्याच्या मोहऱ्या दुमडलेल्या, झेंड्याखालच्या माणसाच्या सरळ. शिवाय त्या माणसाच्या कमरेला काडतुसांचा पट्टा. २०१६ला ब्रॅडलीचं नाव गेलं, शुल्ट्झचं आलं: हेल्मेटच्या आतल्या टोपाचा तुटका पट्टा डावीकडे लोंबतोय, रायफलचा पट्टा भलत्याच कडीत. २०१९ला गॅन्यनच्या जागी केलर. तिथे बोटातली लग्नाची अंगठी कामी आली. पण ब्रॅडलीने पहिला झेंडा उभारायला हात लावला होता आणि दुसरा झेंडा डोंगरावर आणला गॅन्यननेच. खोटारडे म्हणायची घाई कसली?

फोटोतल्या हार्लन ब्लॉकला त्याच्या आईने नुसत्या पाठीवरून ओळखलं, हे तू मला ऐकवशील. ती आई होती. तुला-मला ती सवलत नाही. सहांतल्याच आयरा हेजने एप्रिल १९४५मध्येच सांगितलं होतं की तो फोटोओळीतला हॅन्सन नव्हे, ब्लॉक. त्याला गप्प बसवलं, नावं छापून झाली होती ना! दुरुस्ती व्हायला जानेवारी १९४७ उजाडलं. बघ, फोटोओळ शेवटी का म्हणतो ते.

इतक्या वर्षांनी कड्या-बकलं कसली मोजता, असं लोक हसून विचारतात. मोजणारच. शुल्ट्झ लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात पत्रं निवडत राहिला, १९९५ला वारला. त्याची जागा त्याला मिळाली ती एका लोंबत्या पट्ट्यामुळे, कुणाच्या आठवणीमुळे नव्हे.

तुझ्या तक्त्यात ब्रॅडलीचं नाव खोडून तिथेच शुल्ट्झ लिहिलायस. चूक. ब्रॅडलीच्या जागी सहांतलाच सूस्ली सरकतो, आणि सूस्लीच्या जुन्या जागी शुल्ट्झ येतो. दोन्ही रकाने बदल, मग पाठव.